दोन सूत

पाटी ही वस्तू आपण वाचतो, पाहत नाही. ‘येथे चहा मिळेल’ हे वाचलं की आपलं लक्ष चहाकडे जातं. पाटी कशावर लिहिली आहे, तिचं लाकूड कोणतं, तिच्या अंगावरून किती पावसाळे गेले, हे बघायला कोण थांबतो? मीही थांबलो नव्हतो. पुढे मात्र एका पाटीपायी मला पुष्कळ थांबावं लागलं. त्याचीच ही हकिकत आहे. संपादक मंडळाने ‘ललित काहीतरी दे’ म्हणून सांगितलं होतं. व्हार्निशाच्या डब्यात लालित्य कितपत निघतं ते वाचकांनी ठरवावं.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, महामार्गापासून बरंच आत. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हा आकडा भूगोलाच्या पेपरात मी अनेकदा लिहिला आहे. त्याचा अर्थ एखाद्या फळीला विचारावा, हे त्या वेळी काही सुचलं नाही.

एसटीच्या थांब्याजवळ माझी आजी, म्हणजे माई, खानावळ चालवायची. माई शाळेत गेलेली नव्हती. माझ्या वडिलांच्या पहिलीच्या पुस्तकावरून, चुलीपुढे बसून, ती अक्षरं शिकली. १९९६ साली खानावळ सुरू करायची ठरली तेव्हा आजोबांनी जुन्या घराच्या सागवानी तुळईतून एक फळी काढली, तिला रंधा मारला आणि माईच्या हातात खडू दिला. ‘तूच लिही. खानावळ तुझी.’ माईने लिहिलं, ‘घरगुती खानावळ’. आजोबांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. आयुष्यभर सुतारकाम केलेला तो माणूस. अक्षर सुधारण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी पटाशी आणि मोगरी घेऊन खडूची रेघ जशी होती तशी कोरली. ‘घ’ थोडा पुढे वाकलेला, ‘गु’चा उकार फुगलेला, आणि ‘न’चा दांडा खाली येऊन मांजराच्या शेपटीसारखा डावीकडे वळलेला. आमच्या मराठीच्या सरांना मी या पाटीचा फोटो दाखवला तेव्हा ते आधी म्हणाले, ‘अरे, खाणावळ हवं.’ मग त्यांनी फोटो पुन्हा पाहिला आणि म्हणाले, ‘असू दे, दोन्ही चालतं.’

माई असेतो ही पाटी खानावळीच्या पुढल्या कौलांच्या वळचणीखाली होती. दर वर्षी मे महिन्यात माई ती खाली काढायची, पुसायची आणि बेलतेलात थोडं टर्पेंटाइन घालून फडक्याने चोळायची. बेलतेल म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. लहानपणी तो वास मला आवडायचा. ते काम करण्यामागे काही विचार आहे असं मात्र मला कधी वाटलं नाही. आंब्याची साटं घालतात, पापड वाळवतात, तशी पाटीही चोळतात, इतकंच.

२०१९ साली माई गेली. खानावळ बंद झाली, पाटी माळ्यावर गेली.

२०२२ साली आईने खानावळ पुन्हा उघडायचं मनावर घेतलं. त्याच वर्षी दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची करणारी कायद्यातली दुरुस्ती झाली होती, आणि तालुक्याच्या गावी फ्लेक्स छापणाऱ्यांचे दिवस आले होते. सगळे म्हणाले, फ्लेक्स लावा. आई म्हणाली, माईची पाटी आहे ना. फक्त आता रस्ता रुंद झाल्यामुळे खानावळ मागे पडली होती आणि पाटी वळचणीखालून काढून रस्त्याकडेला खांबावर, उघड्यावर लावायची होती. मी तेव्हा अकरावी संपवून घरी होतो. पाटीला नवं पॉलिश करण्याची जबाबदारी मी मोठ्या ऐटीत अंगावर घेतली.

तालुक्याच्या दुकानात मी चकचकीत दिसणारा डबा मागितला. ‘घरात लावायचं की बाहेर?’ असं दुकानदाराने विचारलं होतं, हे मला नंतर आठवलं. मी म्हणालो होतो, ‘सगळ्यात चमकणारं द्या.’ त्याने दिलं. टेबलांवर आणि कपाटांवर मारतात ते, काचेसारखं कडक होणारं पारदर्शक पॉलिश. मी समोरच्या बाजूला तीन हात दिले. मागची बाजू दिसत नाही म्हणून सोडली. वरखालच्या आणि बाजूच्या कडा ब्रश जाईल तेवढ्याच. मग चार लोखंडी खिळे ठोकून पाटी खांबाला पक्की केली. साग असा काही उजळला की बाबांनी फोटो काढून साऱ्या नातेवाइकांना पाठवला. तात्या पडवीत बसले होते. काचबिंदूमुळे त्यांना तोवर फारच कमी दिसू लागलं होतं. त्यांनी पाटीवरून तळवा फिरवला आणि एवढंच म्हणाले, ‘बरणी केलीस की रे.’ मला ती शाबासकी वाटली.

गणपतीपर्यंत त्या बरणीला तडे गेले होते. आधी खिळ्यांभोवती पांढुरके फोड आले, मग खालच्या कडेने पॉलिश सुटून भाजलेल्या पापडासारखं वर उचललं गेलं. त्याच्या आत पाणी, पाण्याखाली काळी बुरशी. खिळ्यांपासून खाली निळसर काळे ओघळ. चमक होती तिथे आता खरूज झाल्यासारखी दिसत होती. आईने तोंडाने काही म्हटलं नाही, पण गणपतीला मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांच्या आधी तिने पाटीवर गोणपाट टाकलं, ते मला पुरेसं होतं.

असं का झालं, ते मला आता ठाऊक आहे. लाकूड पाणी प्यालं की फुगतं, वाळलं की आकसतं. आणि हे फुगणं-आकसणं लांबीत जवळजवळ नसतंच, रुंदीत असतं. म्हणजे फळी सतत आडवी श्वास घेत असते. तिच्यावर कडक कवच चढवलं की पहिल्या मोठ्या पावसात ते चिरणार. पाणी समोरून शिरलंच नाही. ते शिरलं मी सोडून दिलेल्या मागच्या बाजूने, खिळ्यांच्या भोकांतून आणि सगळ्यात जास्त फळीच्या कापलेल्या टोकांतून. झाडाच्या अंगातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची तोंडं तिथे उघडी असतात. सपाट बाजूच्या कितीतरी पट वेगाने ती टोकं पाणी ओढतात. आणि एकदा आत गेलेल्या पाण्याला माझ्याच पॉलिशने बाहेर येऊ दिलं नाही. शिवाय पारदर्शक थरातून ऊन सरळ आत जातं. उन्हातले अतिनील किरण लाकडाच्या धाग्यांना बांधून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य फोडतात. वरचा थर शाबूत असला तरी तो ज्याला धरून आहे ते लाकूडच भुसभुशीत होतं. आणि ते ओघळ? लोखंड आणि लाकडातलं टॅनिन ओलाव्यात भेटले की शाईसारखा काळा डाग पडतो. जुन्या काळी शाई अशीच करत, हे मला इतिहासाच्या तासाला कळलं असतं तर बरं झालं असतं.

पण तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. मला फक्त लाज वाटत होती, आणि लाज वाटणारा माणूस घाई करतो. दिवाळीच्या सुट्टीत मी मित्राकडून घासायचं मशीन आणलं, त्याला जाडाभरडा काचपेपर लावला आणि दोन तासांत सगळं पॉलिश, सगळी बुरशी, सगळे डाग उडवून फळी कोरी करकरीत केली. तोंडाला फडकंसुद्धा न बांधता. अक्षरांत माईने भरलेला जुना पांढरा रंग होता, त्याचीही धूळ झाली. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. १९९६ च्या रंगात किती असेल, कोण जाणे. असा रंग ओला करून हाताने घासावा, धूळ उडवू नये.

काम झाल्यावर मी पाटी तात्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांना दिसत नव्हतंच. ते बोटाने वाचू लागले. ‘घ’च्या वाकातून बोट गेलं, ‘गु’च्या उकारातून गेलं, ‘खा’वरून गेलं. ‘न’वर थांबलं. मागे आलं. पुन्हा गेलं.

‘शेपूट कुठाय?’ तात्या म्हणाले.

मी वाकून पाहिलं. ‘न’चं शेपूट नव्हतं.

‘मी दोन सूत खोल कोरलेलं,’ ते म्हणाले. ‘शेपूट तेवढं वर वर होतं. ती खडू उचलता उचलता ओढायची ना.’

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तात्यांच्या बोटांनी पुढे हिशेबही सांगितला: पाटीचा अर्धा सूत मी धुळीत घालवला होता. कोरलेलं अक्षर वर रुंद आणि तळाला निमुळतं असतं, त्यामुळे पृष्ठभाग खाली गेला की ते उथळ होतं तसं अरुंदही होतं, आणि बारीक, उथळ रेघा सगळ्यात आधी नाहीशा होतात. माईचं दुसरं हस्ताक्षर आमच्याकडे फारसं नाही. सहकारी बँकेच्या पासबुकावरची सही आहे, आणि दुधाच्या हिशेबाची एक वही. आणि ही पाटी. दोन सुतांतला अर्धा गेला. मी आणखी तीन वेळा असाच शहाणपणा केला असता तर नुसती गुळगुळीत फळी उरली असती.

तात्या रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर पाटीला काय लावावं, या प्रश्नाने मला असं धरलं की बारावीच्या वर्षात मी अर्थशास्त्रापेक्षा रंगशास्त्र जास्त वाचलं. आधी माझा प्रश्न होता, सगळ्यात सुंदर काय? मग झाला, सगळ्यात टिकाऊ काय? तिसरा प्रश्न यायला बराच वेळ लागला: ते संपेल तेव्हा काढताना लाकडाचं किती जाईल? कारण उघड्यावरचं कोणतंही लेपण कधीतरी संपतंच. फरक एवढाच की काही लेपणं सोलून निघतात आणि काही नुसती विरत जातात. सोललेलं लेपण खरवडल्याशिवाय नव्याला जागा मिळत नाही. विरलेल्यावर धुऊन-पुसून नवा हात देता येतो.

मी मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन आलो. लाकडी होड्यांच्या अंगाला काय लावतात ते तिथल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला विचारलं. तो म्हणाला, काजूच्या टरफलाचं तेल. वाळवीही त्याच्या वाटेला जात नाही. मी हरखून डबा बघायला गेलो, तर त्याने हात मागे ओढला. ते अंगाला लागलं तर फोड येतात. शिवाय त्याने लाकूड काळपट होतं, म्हणजे होडीला ठीक, पण खानावळीच्या पाटीला नाही. चपड्याचं पॉलिश, जे तात्या देव्हाऱ्यांना करायचे, ते मी विचारातही घेतलं नाही. त्याच्यावर ओला पेला ठेवला तरी पांढरं वर्तुळ उठतं.

मग २०२३ च्या मे महिन्यात मी एक उद्योग केला. त्याच तुळईचे तुकडे माळ्यावर पडले होते. पाच तुकडे घेतले, पाचांना पाच प्रकार केले आणि नैऋत्येच्या पावसाच्या तोंडावर, गोठ्याच्या भिंतीला टांगले. सागाच्या अंगात स्वतःचं तेल असतं, त्यावर लेपण नीट बसत नाही, म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसून घेतलं. एकाला अस्तर देऊन ऑइलपेंट. दुसऱ्याला जहाजी व्हार्निश. हे मुळात गलबतांच्या डोलकाठ्यांसाठी निघालं, मऊ राहतं, लाकडाबरोबर ताणतं, आणि आजकाल त्यात ऊन अडवणारी द्रव्यंही असतात. तिसऱ्याला माईचं बेलतेल. चौथ्याला बेलतेलातच चिमूटभर बारीक वाटलेला गेरू. ही सूचना तात्यांची. पाचवा कोरा ठेव, हीही त्यांचीच. ‘काहीच नाही केलं तर काय होतं, ते आधी बघ.’

कॉलेजात प्रवेश घेतल्यावर मी तिकडून दर रविवारी फोन करून गोठ्याच्या भिंतीची चौकशी करायचो. घरच्यांना म्हशीची चौकशी केली असती तर जास्त आवडलं असतं.

दिवाळीत जाऊन पाहिलं. ऑइलपेंटला काहीही झालं नव्हतं. रंगद्रव्याने ऊन अडवलं, थराने पाणी; टिकाऊपणाचा विचार केला तर तिथेच निकाल लागला. जहाजी व्हार्निश सुरेख होतं, फक्त एका धारदार कडेवर फाटलं होतं, कारण धारेवर कोणताही थर पातळ बसतो. ती धार आधी गोल करायला हवी होती. त्याची एक अट मला नंतर समजली: अजून धड दिसत असतानाच दर वर्षी हलकं घासून नवा हात द्यायचा. एखादं वर्ष चुकलं की पुन्हा मशीन आणि पुन्हा धूळ. नुसत्या बेलतेलाच्या तुकड्यावर बुरशीचे काळे ठिपके दाटले होते. या तेलावर बुरशी पोसते. वळचणीखाली माईचं निभावलं, उघड्यावर निभलं नसतं. कोरा तुकडा राखाडी, खरबरीत झाला होता, अंगावर बारीक भेगा. पण कुजला मुळीच नव्हता. आणि गेरूचा तुकडा थोडा फिकटला होता, एवढंच. ठिपके होते, पण तुरळक. साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने निघाले. सोलण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतंच.

बाबा म्हणाले, ‘यात बघायचं काय? ऑइलपेंट मार. चार-पाच वर्षं बघायला नको.’

त्यांचं चूक नव्हतं. मी म्हणालो की ऑइलपेंटचे थर कोरलेल्या अक्षरांत साचतात, दर रंगवणीला अक्षर भरत जातं, आणि शेवटी ते काढायला खरवडावंच लागतं. हे सगळं बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘आणि तुझं गेरूचं तेल दर वर्षी लावायला लागणार. तू काय दर वर्षी येणार आहेस?’

या प्रश्नाला रंगशास्त्रात उत्तर नव्हतं. आमच्या गावची माझ्या वयाची बहुतेक मुलं मुंबईला आहेत. मीही पुढे कुठे असेन, ठाऊक नाही. ज्याला परत यायचं नाही त्याने ऑइलपेंटच मारावा, हा बाबांचा सल्ला आजही मला प्रामाणिक वाटतो. मी गप्प बसलो. तात्या पडवीतून म्हणाले, ‘आधी छप्पर करा रे पाटीला. रंगाचं नंतर भांडा.’

ही गोष्ट कोणत्याच डब्यावर लिहिलेली नसते. खांबाच्या माथ्यावर लहानसा उतरता पत्रा बसवला, माईच्या वेळची वळचण पुन्हा आली असं म्हणायचं. पाटी खांबाला चिकटवून न बसवता मागे बोटभर फट ठेवली, म्हणजे भिजली तरी वारा लागून वाळेल. लोखंडी खिळ्यांऐवजी पितळी स्क्रू. वरची कड थोडी उतरती तासली. २०२४ च्या मे महिन्यात, फळी उन्हात नव्हे तर सावलीत चांगली वाळवून, आधी कापलेल्या टोकांना तेल पाजलं. पाजलं हाच शब्द बरोबर आहे. लावलं की जिरायचं, लावलं की जिरायचं, चौथ्या खेपेला ती टोकं प्यायची थांबली. मग पुढून आणि मागून, दोन्हीकडे सारखं, गेरूचं तेल अगदी पातळ चोळलं आणि अर्ध्या तासाने उरलेलं पुसून काढलं. पुसलं नाही तर ते चिकट राहतं. अक्षरांच्या तळाला बारीक ब्रशने पांढरा रंग दिला. ‘न’ला शेपूट पुन्हा कोरावं का, असं मी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘तुझ्या हातचं कशाला तिथे?’ मला लागलं, पण मी कोरलं नाही.

२०२५ चा मे आला तेव्हा माझ्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या पेपरात आणि एका शिबिरात मिळून तीनच दिवस मोकळे होते. त्या वर्षी पाऊसही मे महिन्यातच उतरला. कोकणात मोसमी पाऊस २५ मेला पोचला, नेहमीच्या तारखेच्या बरंच आधी. मी त्याच्या आधी एका रात्रीच्या एसटीने गेलो, पाटी उतरवली, धुतली, वाळवली आणि दुसऱ्या दिवशी तेलाचा एक हात दिला. काचपेपर लागला नाही. तात्यांनी नेहमीप्रमाणे बोट फिरवलं आणि ‘खोली तेवढीच आहे’ असं सांगितलं. दुसरा हात सुकायला दिवस नव्हता. तो मी गेल्यावर आईने दिला.

तेलाची फडकी मात्र मी निघण्याआधी स्वतः गडग्यावर एकेक पसरून वाळत घातली. जवसाच्या तेलाचा बोळा तसाच कोपऱ्यात टाकला तर आपोआप तापून पेट घेतो, हे मी वाचलं होतं. आईला ते सांगितलं तर ती म्हणाली, ‘माईपण पसरायची. आम्हांला वाटायचं, फडकीसुद्धा वाया घालवत नाही.’